तानपुऱ्यामागून : उरलेला हंगाम आणि तुमची पत्रं

दिवाळी झाली की पत्रांचा गठ्ठा फुगतो. दिवाळी पहाटेला जागा मिळाली नाही म्हणून निम्मे लोक रागावलेले असतात आणि उरलेल्या निम्म्यांना पुढं काय आहे ते विचारायचं असतं. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. संभाजीनगरातल्या आमच्या संगीत सभेचा हंगाम जुलैत सुरू होतो आणि मार्चमध्ये संपतो. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक, अशा ९ बैठका. यंदा जुलैत ख्याल झाला, ऑगस्टात सारंगी, सप्टेंबरात कर्नाटक पद्धतीचं व्हायोलिन, ऑक्टोबरात पुन्हा ख्याल आणि नोव्हेंबरात नाट्यपदं-अभंगांची पहाट. आता राहिलंय ते डिसेंबरचं एकल तबलावादन, जानेवारीचं ध्रुपद (ख्यालाहून जुनी गायकी), फेब्रुवारीत ठुमरी-दादरा आणि मार्चमध्ये सकाळच्या रागांची बैठक.

मी सभेची खजिनदार. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात सगळी नोकरी गेली, त्यामुळं हे काम गळ्यात पडलं. दुसरं काम मात्र मी मागून घेतलं. २२ वर्षं झाली, मी तानपुऱ्याच्या साथीला बसते. थोरामोठ्या कलाकारांचे चेहरे तुम्ही बघता, मला त्यांच्या पाठी पाठ आहेत.

एका पत्रात मला 'आदरणीय सर' असं लिहिलंय. चालेल.

मैत्रिणीनं उरलेल्या ४ बैठकांचा पास भेट दिलाय. मला राग ओळखू येत नाहीत. यजमान म्हणतात, अभंग होऊन गेले, आता उरलंय ते सगळं जड. ताई, कुठल्या एका कार्यक्रमाला आले तर पैसे वसूल होतील? (एक शिक्षिका, जालना)

पास मैत्रिणीनं दिलाय ना? मग वसूल कसले करताय, बाई!

तुम्ही या डिसेंबरच्या तबल्याला. नुसता तबला दोन तास कसा ऐकायचा, असं यजमान म्हणतील. त्यांना सांगा, तबल्याकडं लक्ष देऊच नका, आधी हार्मोनियमकडं द्या. एकल वादनात हार्मोनियमवाला, किंवा सारंगीवाला, एकच लहानशी धून पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. तिला लेहरा म्हणतात. तीनतालाचा असेल तर १६ मात्रांचा. पहिली ५ मिनिटं तो लेहरा मनातल्या मनात गुणगुणायचा, पाळणा म्हणतो तसा. एकदा तो अंगात भिनला की धून जिथून पुन्हा सुरू होते ती सम. मग तबलजी त्या १६ मात्रांच्या घरात काय काय उलथापालथ करून पुन्हा दारात कसा येऊन उभा राहतो, ते आपोआप दिसायला लागतं. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्यांदा तो बरोबर समेवर पडतो. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला हे पहिल्या अर्ध्या तासात जमेल. यजमानांना तासभर द्या.

राग ओळखता येत नाही याची लाज नको. आमच्याकडं ३०-३० वर्षं येणारे सभासद आहेत, ते राग ओळखतात आणि शेजाऱ्याला मोठ्यानं सांगतात. त्यांच्या शेजारी मात्र बसू नका.

ऑक्टोबरच्या बैठकीला मी खास परभणीहून आलो होतो. पत्रिकेवर साडेपाच, गाणं सुरू झालं पावणेसातला. मधे दीपप्रज्वलन, सत्कार, तीन भाषणं. रात्रीच्या गाडीसाठी मला भैरवीच्या आधी उठावं लागलं. हा रसिकांचा अपमान नव्हे काय? (एक निवृत्त पोस्टमास्तर, परभणी)

आहे. साहेब, तुमच्या पत्रातला शब्दन् शब्द मान्य, आणि सभेची पदाधिकारी म्हणून माफी मागते. पण तुम्हाला जे माहीत नाही तेही सांगून टाकते, म्हणजे तुमचा राग नीट वाढेल.

त्या दिवशी गायिका बाई पूरिया धनाश्री गाणार होत्या. तीन वाजता सभागृहावर येऊन त्यांनी माझ्याकडून तानपुरे लावून घेतले. पूरिया धनाश्री संधिप्रकाशाचा राग आहे. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, कोमल धैवत. दिवस बुडतोय आणि दिवा अजून लागलेला नाही, त्या तेवढ्या वेळेचा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडं सूर्य सहाच्या थोडा पुढं मावळतो. साडेपाचला बैठक ठेवली ती त्याच हिशेबानं, आणि तो हिशेब बाईंनी स्वतः फोनवर सांगितला होता.

मग पाहुणे उशिरा आले. ज्यांनी त्या बैठकीचा खर्च उचलला त्यांचे पाहुणे, त्यामुळं थांबणं आलं. त्यानंतर शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, आणि 'मी दोनच मिनिटं बोलणार आहे' असं म्हणून बोलली गेलेली २० मिनिटं. मी विंगेत तानपुरा धरून उभी. बाईंनी एकदा मागच्या दाराकडं पाहिलं, ते उघडं होतं, बाहेर पार्किंगचे दिवे लागले होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "ताई, पंचमाचाच लावलाय ना?" तानपुऱ्याची पहिली तार 'प'ला लावलीय ना, असं त्या विचारत होत्या; यमनालाही तीच चालते. मी हो म्हटलं. "मग राहू द्या, यमन घेते."

यमन उत्तमच झाला. सभागृहात कुणाला काही कळलं नाही. पण मी जिच्यासाठी तीन वाजल्यापासून बसले होते, ती संध्याकाळ तीन भाषणांत गेली.

कार्यकारिणीच्या बैठकीत मी ठराव मांडला की सत्कार मध्यंतरात करावा. एक सभासद म्हणाले, मध्यंतरात लोक चहाला जातात, सत्कार बघायला कोण थांबणार? मी म्हटलं, हेच तर म्हणतेय. ठराव ५ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झालाय. जानेवारीपासून अंमल. तुम्ही पुन्हा या, आणि साडेपाचच्या जागी पाच चाळीस झाले तर मला उभ्यानं जाब विचारा.

ताई, मी शेतकरी माणूस. मुलगा तुमच्या शहरात शिकतो, त्यानं जुलैत मला गाण्याला नेलं. आमच्याकडं मृगात एक सर पडली, आर्द्रा कोरडी, पुनर्वसू कोरडी. कापूस उगवला तसा करपला, दुबार पेरणीला बियाणं उसनं. आणि तिथं गार हवेत बसून तासभर तो पावसाचा मल्हार, वर टाळ्या. आम्हाला चिडवता का काय? (गेवराई तालुका, जि. बीड)

दादा, हे पत्र जुलैच्या शेवटी आलं. ४ महिने माझ्या टेबलावर पडून होतं. उत्तर लिहायला बसले की दोन ओळींच्या पुढं जाईना.

त्या दिवशी आमच्यातही यावर बोलणं झालं होतं. मी म्हटलं होतं, यंदा गाणाऱ्या बुवांना दुसरं काही गायला सांगू, आभाळाकडं बघा जरा. एकानं उत्तर दिलं, जुलै म्हणजे मल्हार, लोक त्यासाठीच येतात. बुवांना कुणी काही विचारलं नाही आणि त्यांनी मियाँ मल्हार घेतला.

मियाँ मल्हारात कोमल गंधार सरळ उभा राहत नाही, हलतो. विहिरीत पोहरा सोडल्यावर पाणी लागेपर्यंत दोर हातात हलतो तसा. दोन्ही निषाद एकमेकांना लागून येतात आणि बराच वेळ गाणं खालच्या सप्तकात, पोटातून चाललेलं असतं. तासभर त्या गंधाराच्या मागं बसून मला पाऊस काही दिसला नाही. माझे वडील दिसले. माझं माहेर केज तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात वडील खडी फोडायच्या कामावर होते. रोज संध्याकाळी ओसरीत उभं राहून कपाळावर हाताचा तळवा आडवा धरायचे आणि पश्चिमेकडं बघत राहायचे. बोलायचे काही नाहीत. आई म्हणायची, या आत.

मल्हाराच्या पुष्कळ बंदिशींत पाऊस पडतच नाही, दादा. ढग येतात, वीज चमकते, ज्याची वाट बघायची तो येत नाही. पाऊस पाडायचं कंत्राट या रागाकडं नाही. तानसेनाच्या गोष्टी गोष्टीच आहेत. वाट बघणाराचा हा राग आहे, असं मला वाटतं. शास्त्रात तसं लिहिलेलं नाही, हे माझं मत.

राहिल्या टाळ्या. तुमचा राग मल्हारावर नसावा, टाळ्यांवर असावा, असं मी समजते. द्रुत बंदिशीच्या शेवटी टाळ्यांचा जो कडकडाट झाला, तो मलाही त्या दिवशी खुपला होता. मुलाला घेऊन मार्चच्या बैठकीला या. पासाची व्यवस्था माझ्याकडं, पत्रासोबत पाठवतेय. आणि दुबार पेरणीचं काय झालं ते दोन ओळींत कळवा.

कलाकार इतका वेळ वाद्यं का जुळवतात? ते काम घरून करून येता येत नाही का? आणि ॲपमध्ये हवा तो सूर मिळत असताना दोन-दोन तानपुरे कशाला? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नांदेड)

घरून जुळवून आणतोच रे बाळा. पण घर आणि सभागृह यांच्यामध्ये संभाजीनगरचे रस्ते आहेत.

तू अभियंता होणार, तर तुझ्या भाषेत सांगते. तार धातूची. वातानुकूलन सुरू झालं की ती आकसते आणि सूर चढतो. मग पडदा उघडतो, डोक्यावर दिवे लागतात, तार तापून सैलावते आणि सूर उतरतो. तबल्याची पुडी चामड्याची, तिला कोरडी हवा ताणते आणि दमट हवा ढिली करते. म्हणजे सतारीची खुंटी एकीकडं फिरवायची असते तेव्हा तबल्याचे गट्टे, म्हणजे वादीखालचे लाकडी ठोकळे, दुसरीकडं ठोकायचे असू शकतात. आमचे तबले नीट करणारे चाचा गुलमंडीच्या मागल्या गल्लीत बसतात. त्यांचं एक वाक्य मला तोंडपाठ आहे : "धुपकाले में चमड़ा अकड़ जाता बाजी, बारिश में रोता." मराठवाड्याच्या हवेचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही.

आता तानपुरा. चार तारा, साधारणपणे पंचम, मग दोन षड्ज जोडीचे, मग खर्जाचा षड्ज. सूर लागला म्हणजे काम संपलं असं नाही, खरं काम जवारीचं. तारा ज्या घोडीवरून जातात, तिथं प्रत्येक तारेखाली सुताचा एक बारीक दोरा सरकवलेला असतो. साधा, शिवणाचा. तो दोरा केसभर पुढं घेतला की तार बंद, ठक् वाजते. केसभर मागं घेतला की करकरते. दोहोंच्या मध्ये एक जागा आहे, तिथं दोरा आला की तार उघडते आणि एका तारेतून सात-आठ सूर एकामागून एक निथळायला लागतात. ही जागा डोळ्यांना दिसत नाही. मी डोळे मिटून, कान भोपळ्याला लावून, नखाच्या टोकानं दोरा सरकवते. कधी दोन मिनिटांत सापडते, कधी २०. माझे दोन्ही तानपुरे मिरजेचे. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, म्हणजे वाद्य मूळचं शेतातलंच.

आणि प्रत्येक वेळी पंचम लावायचाच असं नाही. मालकंसात पंचम नाही, तिथं पहिली तार मध्यमाला लावतात. मारव्यात पंचम नाही, तिथं निषाद. हे मला पुस्तकातून नाही, फजितीतून कळलं. तिसरं-चौथं वर्ष असेल. मध्यंतराच्या आधी यमन झाला होता. मध्यंतरात मी बटाटेवडा खायला गेले, परत येऊन बसले आणि छेडायला लागले. बुवांनी मालकंसाचा पहिला स्वर लावला आणि माझी पहिली तार ढणढण पंचम सांगतेय! बुवा थांबले नाहीत. मागं वळले, माझ्याकडं नाही, तारेकडं पाहिलं, आणि डावा हात मागं आणून दोन बोटांनी ती तार नुसती धरून ठेवली. मुकी केली. तसेच गात राहिले. मी खुंटी पिळून मध्यमाला आणेपर्यंत त्यांचा हात तिथंच होता. नंतर एका शब्दानं बोलले नाहीत. तेव्हापासून मध्यंतरात मी खात नाही.

ॲपबद्दल माझं भांडण नाही. घरी रियाजाला मीही लावते, आणि पुष्कळ बैठकांत कलाकारांच्या मांडीजवळ इलेक्ट्रॉनिक तानपुरा असतोच. त्यावर सूर चुकत नाही, ही मोठी सोय. पण गाणारा श्वास घेताना जराशी उसंत मागतो, तेव्हा ॲपला ते कळत नाही. मला पाठीवरून कळतं. खांदे वर जातात.

तुमच्या नांदेडात तर या सगळ्याची खाण आहे. फेब्रुवारीत संगीत शंकर दरबार होतो, तो चुकवू नकोस. आणि एकदा पहाटे हुजूर साहिबला जाऊन नुसता बस. गुरू ग्रंथ साहिबाची रचनाच ३१ मुख्य रागांवर लावलेली आहे. तुझ्या वसतिगृहापासून रिक्षाच्या अंतरावर हे सगळं, आणि पत्र मला लिहितोयस.

जानेवारीत ध्रुपद कशासाठी? सप्टेंबरात कर्नाटकी व्हायोलिन ठेवलं तेव्हाही अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आपल्या मातीतलं, लोकांना आवडेल असं ठेवा. नऊच्या नऊ बैठका भक्तिसंगीताच्या ठेवल्यात तर सभागृह पुरणार नाही. (एक ज्येष्ठ सभासद, सिडको)

काका, पत्राखाली नाव नसलं तरी अक्षर ओळखलं. वार्षिक सभेतही हेच म्हणाला होतात.

मागच्या खेपेला ध्रुपदाला ६४ माणसं होती, हिशेब माझ्याकडंच असतो. दिवाळी पहाटेला उभे राहिलेले धरून साडेसातशे. पहाटेच्या पैशांतून ध्रुपदाचं मानधन जातं, हेही खरं, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. घरात कमावता मुलगा एक असतो, जेवतात सगळेच.

पण 'आपल्या मातीतलं' म्हणालात म्हणून बोलते. आपल्या सभागृहापासून दौलताबादचा किल्ला साधारण १५ किलोमीटर. तो देवगिरी होता तेव्हा, तेराव्या शतकात, यादव राजा सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा एक गृहस्थ होता. आजा काश्मिरातून दक्षिणेत आलेला. या शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. ७ अध्याय, स्वर, राग, प्रबंध (म्हणजे त्या काळच्या गायच्या रचना), ताल, वाद्यं, नृत्य, सगळं त्यात. आजचा हिंदुस्तानी गायकही त्याला मानतो आणि कर्नाटकीही. पुढं पंधराव्या शतकात विजयनगरात कल्लिनाथानं त्यावर टीका, म्हणजे भाष्य, लिहिली. तेव्हा सप्टेंबरातलं ते व्हायोलिन परक्या मुलखातून आलं नव्हतं, काका, चुलत घरातून आलं होतं. त्या ग्रंथातले राग आज जसेच्या तसे कुणी गात नाही, हे कबूल. पण त्यात ज्या प्रबंधांचं वर्णन आहे, त्यांच्याच कुळातलं ध्रुपद, असं जाणकार सांगतात.

आणि या शार्ङ्गदेवाची नोकरी कुठली होती माहितीये? श्रीकरणाधिप. म्हणजे राजाच्या जमाखर्चाच्या खात्याचा प्रमुख. लेखा विभाग! हे प्रथम वाचलं तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना पेढे द्यायची बाकी होते.

पखवाजाचं तर बोलायलाच नको. शंकरबापू आपेगावकर अंबाजोगाईकडचे. वारकऱ्यांच्या दिंडीत, कीर्तनात वाजतो तो मृदंग त्यांनी थेट मैफलीच्या पखवाजापर्यंत नेला, सरकारनं पद्मश्री दिली. तुम्ही एकादशीला ज्या वाद्यावर माना डोलावता, तेच जानेवारीत ध्रुपदामागं वाजणार आहे. फक्त टाळ नसतील.

एक गंमत सांगते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला दर वेळी ताजी कणीक लावतात. कमी-जास्त करून घुमारा साधतात, आणि वाजवून झालं की खरवडून काढतात. कणीक आणायची जबाबदारी यजमान सभेची, म्हणजे माझी. पहिल्या वेळी मी घरून डबा भरून नेला. पखावजींनी गोळा घेतला, थापला, पहिली थाप मारली आणि गोळा सुटून त्यांच्या मांडीवर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्यांनी गोळा नाकाशी नेला आणि मला विचारलं, "ताई, तेल घातलंत?" पोळ्यांना भिजवतात तशीच भिजवली होती मी, तेल-मीठ घालून! हाताला सवय. मग सभागृहाच्या कँटीनमधून वाटीभर पीठ आणलं, नुसत्या पाण्यात भिजवलं, आणि ध्रुपद १० मिनिटं उशिरा सुरू झालं. माझ्या डब्यातल्या कणकेच्या रात्री घरी पोळ्या केल्या. या जानेवारीत तुम्ही पुढच्या रांगेत बसा, कणीक लावताना बघायला मिळेल. अर्धी मजा तिथंच आहे.

थोडक्यात विचारलेल्या प्रश्नांची थोडक्यात उत्तरं.

लहान मुलं आणावीत का? (वाळूज) आणा. कडेची खुर्ची घ्या, म्हणजे रडायला लागलं तर पटकन बाहेर नेता येतं. माझ्या अनुभवात मुलांपेक्षा मोबाइल जास्त रडतात.

ऑगस्टच्या सारंगीवाल्यांची बोटं जखमी होती का? (अंबड) नाही हो. सारंगीची तार बोटाच्या पेरानं दाबत नाहीत, नखाच्या मुळाशी, जिथं कातडी नखाला मिळते तिथं तारेला बाजूनं लावून वाजवतात. त्यामुळं तिथं घट्टे पडतात. तीन मुख्य तारा आतड्याच्या आणि खाली तीसहून जास्त तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या बारीक तारा. त्या सगळ्या जुळवायच्या म्हणजे ज्यांनी उशिराबद्दल तक्रार केली त्यांनी तेवढी एक बैठक माफ करावी.

हार्मोनियम विदेशी वाद्य म्हणून रेडिओवर बंद होतं, हे खरं का? (हिंगोली) खरं. १९४० पासून आकाशवाणीवर बंदी होती, १९७१ पासून ती हळूहळू उठत गेली. आमच्या सभेत कधीच नव्हती.

दाद कधी द्यावी? (लातूर) आली की. विलंबित, म्हणजे संथ ख्यालात १२ मात्रांचं एक आवर्तन, तालाचा एक फेरा, पाऊण-एक मिनिट चालतं. गायक मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, घेऊन समेवर आला की तुमचंही डोकं हलतं, तीच दाद. 'क्या बात है' प्रत्येक आवर्तनाला म्हणणारे एक गृहस्थ आमच्याकडं आहेत. गायकांना त्यांचा धाक असतो.

मी बी.ए.ला संगीत विषय घेतलाय, गाण्याची मध्यमा परीक्षा झालीये. मला मैफलीत तानपुऱ्याच्या साथीला बसायचंय. काय तयारी लागते? घरचे म्हणतात, नुसतं मागं बसून तारा छेडायच्या, त्यात काय शिकायचं? (एक मुलगी, बीड)

बाळ, तुझ्या घरचे बरोबर सांगतायत, मागंच बसायचं असतं. त्या जागेवरून गायकाचा श्वास, तबलजीचा घाम आणि पहिल्या रांगेतली डुलकी, सगळं दिसतं. माझं अर्धं शिक्षण तिथंच झालं. गाणाऱ्यानं खूण केली तर मागून एखादा स्वर द्यायचा, नाही तर तोंड उघडायचं नाही. बहुतेकदा खूण होत नाही.

मार्चच्या बैठकीला मला दुसऱ्या तानपुऱ्यावर कुणीतरी हवं आहे. सकाळी सातला सुरुवात, म्हणजे आपण साडेपाचला सभागृहावर. आदल्या रात्री माझ्याकडं मुक्कामाला ये, आईला माझा नंबर संपादकांकडून घ्यायला सांग, मी त्यांच्याशी बोलते. साडी किंवा ड्रेस, काहीही चालेल, पण सुती. रेशमी कापड मायकाजवळ सळसळतं. बांगड्या घरी ठेव, भोपळ्यावर खणखण वाजतात. नीट खाऊन ये, दोन तास मांडी मोडता येत नाही आणि पायाला मुंग्या आल्या तरी तोंडावर दिसू द्यायच्या नाहीत. पाकीट मिळेल, जाड नसेल.

पहिली तार मधल्या बोटानं, पुढच्या तीन तर्जनीनं. बोटाच्या कडेच्या मांसानं, नखानं नाही. म्हणून दोन्ही नखं कापून ये.